गार छत आणि कुमुदताई

भय्यासाहेब तराळे पाहुण्यांना आपल्या ऑफिसचं कौतुक सांगत होते आणि नेमका त्याच वेळी छतातून एक थेंब त्यांच्या चहात पडला.

त्यांचं लक्ष नव्हतं. "पाहा," ते हिंदीत म्हणत होते, "एसी दिसतो का कुठे? घरघर ऐकू येते का? अंगावर वारा येतो का? काही नाही. आणि तरी गार वाटतं की नाही?"

पाहुणे केरळचे, वेलदोड्याचे व्यापारी. दोघांनी मान हलवली. त्यातल्या एकाला टक्कल होतं. दुसरा थेंब त्याच्या टकलावर पडला. त्याने वर पाहिलं, रुमालाने डोकं टिपलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "नागपूरला मे महिन्यात पाऊस असतो का?"

बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांच्या खाली शिरून बसली होती. भय्यासाहेबांनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांबाजवळ हातात तापमान मोजायचा मीटर घेऊन उभी होते. त्या क्षणी तो मीटर पदराआड लपवता आला असता तर बरं झालं असतं, पण मी कुर्ता घातला होता.

पाहुण्यांना केबिनमध्ये बसवून ते परत आले.

"भिडे मॅडम, हे काय आहे?"

"पाणी आहे."

"ते मलाही दिसते."

"नळीतून गळत नाहीये. हवेतली वाफ छताला लागून पाणी होतंय."

"नागपुरात? मे महिन्यात? इथे माणसाच्या डोळ्यांतलं पाणी सुकून जाते, हवेत कुठून येणार?"

मी पुन्हा वर छताकडे पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारी एसीवाल्याला बोलावतो. हे छत काढून टाकू. तोवर तुम्हाला काही सुचलं तर सांगा."

ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पुण्याच्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर होते. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते आणि एकटीने सांभाळायचं हे माझं पहिलंच काम होतं. तराळे मसाल्यांचं हे नवं ऑफिस वर्धा रोडला होतं. भय्यासाहेबांनी जर्मनीत कुठल्याशा कंपनीत गार छत पाहिलं आणि ते त्यांच्या मनात बसलं. आमच्या दातार सरांनी ते त्यांना करून दिलं. आमच्या कंपनीचंही ते पहिलंच छत.

त्यात जादू काही नाही. छताला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, पत्र्यांच्या पाठीला तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून गार पाणी. छत गार झालं की खालच्या माणसांच्या अंगातली उष्णता ते गुपचूप ओढून घेतं. भर उन्हातून जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर जसं वाटतं, तसं. वारा नाही, आवाज नाही. विजेचीही बचत, निदान आमच्या माहितीपत्रकात तरी तसं लिहिलं होतं.

प्रत्यक्षात उलटं झालं. पहिल्या उन्हाळ्यापासून पहिल्या मजल्यावरून तक्रार येत राहिली की गरम होतं. तक्रार आली की देखभालवाले पाणी आणखी थंड करायचे. पाणी जितकं थंड तितकं गच्चीवरचं मशीन जास्त राबणार, तितकी वीज जास्त खाणार. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत हे छत साध्या एसीपेक्षा जास्त वीज ओढायला लागलं आणि तरी लोक म्हणत होते, गरम होतं. म्हणून दातार सरांनी मला पाठवलं. निघताना ते एवढंच म्हणाले, "ऋजुता, ते छत उतरलं तर आपल्याला दुसरं कोणी लावायला देणार नाही. बाकी टेन्शन घेऊ नकोस."

पहिल्या मजल्यावर हिशेब आणि डिस्पॅच, दोन्ही विभाग एकाच मोठ्या हॉलमध्ये. हिशेबाच्या प्रमुख होत्या कुमुदताई वैरागडे. पन्नाशीच्या आसपास, उंच, कडक इस्त्रीची साडी, आवाज न चढवता समोरच्याला बसवायची ताकद. भय्यासाहेबांचे वडील दुकानाच्या गादीवर बसायचे तेव्हापासून त्या तिथे होत्या. भय्यासाहेबांना त्या अजूनही 'भय्या' म्हणायच्या, फक्त पाहुण्यांसमोर 'साहेब'. तक्रारी त्यांच्याच हॉलमधून यायच्या आणि खालच्या-वरच्या मजल्यांवर सगळे खुशाल होते.

आल्या दिवशीच मी त्यांना भेटले होते. त्यांचं टेबल हॉलच्या टोकाला, कोपऱ्यात, रेकॉर्ड रूमच्या दाराला लागून होतं. मी त्यांच्या टेबलावर मीटर ठेवला.

"पाहा ताई, पंचवीस डिग्री. यापेक्षा जास्त गार केलं तर लोक स्वेटर घालतील."

"तुमचं मीटर पंचवीस म्हणते ना?"

"हो."

"मग त्याला राहू द्या इथे. मी घरी जाते."

हॉल हसला. मीही हसले, पण मला ते लागलं. मी बाकीच्यांना विचारत फिरले. डिस्पॅचचे वामनराव कुंभलकर आडव्या अंगाचे, भरघोस मिशांचे. त्यांनी सांगितलं, "गरम होऊन राहिलं मॅडम, फार गरम." त्यांच्या शेजारच्या मुलीने सांगितलं, "खूपच." पलीकडचे टायपिंगवाले गृहस्थ तर म्हणाले, "भट्टी आहे भट्टी." सगळ्यांचं इतकं एकमत मी इंजिनियरिंगला असताना कँटीनच्या उसळीबद्दलही पाहिलं नव्हतं.

याच हॉलमध्ये चहात थेंब पडला तो माझा तिथला तिसरा-चौथा दिवस असेल. भय्यासाहेब गेल्यावर मी कामाला लागले. नळ्या तपासल्या, सांधे तपासले, कुठेही गळती नव्हती. मग हवेतला ओलावा मोजला. गच्चीवर हवा पापडासारखी कोरडी, खालच्या मजल्यावर तशीच, वरच्या मजल्यावर तशीच. फक्त या हॉलमध्ये कोकणातल्यासारखी दमट. त्यातही कुमुदताईंच्या कोपऱ्याकडे जावं तसा काटा वर चढायचा. मी रेकॉर्ड रूमचं दार उघडायला गेले की चावी सापडायची नाही. आणि दाराशेजारच्या खिडकीवर मसाल्याच्या जाहिरातीचा मोठा कापडी फलक टांगलेला, त्यावर एक गृहिणी भाजीची कढई हातात घेऊन हसते आहे.

आणखी एक गोष्ट. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की कुंभलकर खोकायचे. मोठ्याने, दोनदा. मला वाटलं, मसाल्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, माणसाला खोकला असायचाच.

त्या दुपारी मी गच्चीवरचं मशीन पाहून मागच्या जिन्याने उतरले. हा जिना कोणी वापरत नसे. तो थेट रेकॉर्ड रूमच्या बोळात उघडायचा. उतरता उतरता मला ओळखीचा आवाज आला. खडखड, घरघर, मधेच पाण्याची टिपटिप. आणि वास. ओल्या खसाचा, वाळ्याचा. नागपुरात नवीन होते तरी तो वास मला ठाऊक झाला होता. उन्हाळ्यात तिथल्या प्रत्येक खिडकीतून तो येतो.

रेकॉर्ड रूम उघडी होती. आत फायलींच्या कपाटांच्या मधोमध एक भलामोठा लोखंडी कूलर मांडलेला होता, आणि त्याचं तोंड थेट त्या खिडकीकडे. कढईवाली गृहिणी वाऱ्याने फुगून फडफडत होती. टायपिंगवाले गृहस्थ बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होते. मला पाहून त्यांची बादली हवेतच थांबली.

मी फलकाच्या कडेने खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं. कुमुदताई खुर्ची वळवून, डोळे मिटून, मान वर करून वाऱ्यात बसल्या होत्या. कडक इस्त्रीचा पदर खांद्यावरून ढळला होता आणि त्यांनी केस मानेवरून एका हाताने उचलून धरले होते. एरवी कुणासमोर त्या अशा दिसल्या नसत्या. बाजूला कुंभलकर. मे महिन्यात कानाला रुमाल घट्ट बांधून, दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून, आल्याचा कडक चहा पीत बसलेले.

मी पुढच्या दाराने गेले. कुंभलकरांनी खोकायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"हा कूलर कोणाचा?" मी विचारलं.

कुमुदताईंनी शांतपणे पदर सावरला. "माझा. घरचा आहे. मी आणला."

"मी आणला," कुंभलकर म्हणाले. कानाला रुमाल तसाच.

"मी पण," टायपिंगवाले बादलीसकट आत येऊन म्हणाले.

"आम्ही सगळ्यांनीच आणला," कुंभलकरांच्या शेजारची मुलगी म्हणाली.

मला हसू येत होतं आणि रडूही. "अहो, तुम्हाला कळतंय का काय झालं ते? कूलर म्हणजे ओली हवा. ती गार छताला लागली की पाणी होतं. हा पाऊस तुम्ही पाडलात. त्या पाहुण्यांच्या टकलावर."

"बिचारा," कुमुदताई म्हणाल्या. "भला माणूस होता." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "भय्याला सांगायचं असेल तर सांगा. मी नाही म्हणणार नाही."

सांगता आलं असतं. केबिन वरच्या मजल्यावरच होती. कूलर निघाला असता, पाऊस थांबला असता, माझं छत निर्दोष सुटलं असतं. पण उद्यापासून तक्रार पुन्हा सुरू झाली असती, पुन्हा पाणी थंड, पुन्हा मशीनला घाम. आणि खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा राग आला होता. माझं छत त्यांना गार करत नाही म्हणजे काय? मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं की गार वाटतंय.

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण कूलर बंद. शनिवारपर्यंत मला वेळ द्या. नाही जमलं तर मी स्वतः एसीवाल्याला शिडी धरून देते."

"शनिवारपर्यंत मी काय करू?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काहीतरी हललं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"पंखा देते," मी म्हटलं.

गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमधून मी एक टेबलफॅन आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो लावला. पुढे काय झालं ते योगायोगानेच. पंख्याने हिशेबाचे कागद उडायला लागले, म्हणून कुमुदताईंनी वैतागून त्याची मान वर केली, अगदी आढ्याकडे. मी गच्चीवर गेले आणि सवयीने परतीच्या नळ्या पाहायला लागले. छतातून फिरून पाणी परत येतं ते किती उष्णता घेऊन येतं, हे तिथे दिसतं. त्या कोपऱ्यातल्या नळीचं पाणी इतर नळ्यांपेक्षा गरम येत होतं. मी नळीवरच्या तापमापकाच्या काचेवर टिचकी मारली. काटा तिथेच.

मी धावत खाली आले, पंखा बंद केला, पुन्हा वर गेले. काटा खाली. परत खाली येऊन पंखा लावला, वर गेले. काटा वर. देखभालवाल्यांना वाटलं, पुण्याच्या बाईला ऊन लागलं.

छत उष्णता ओढतच होतं, पण आळसाने. त्याच्या खालची हवा जागच्या जागी साचून राहायची. ती कोणीतरी हलवत ठेवली की तेच छत, तेच पाणी, जास्त उष्णता ओढायचं. म्हणजे पाणी इतकं थंड करायची गरजच नाही. पाणी थोडं कमी थंड चाललं, तर मशीनला आराम, विजेची बचत, आणि छताला दव धरायची भीतीही गेली. मला फक्त खालून वर वारा मारणारे पंखे हवे होते.

भय्यासाहेबांना ते पटवणं हे वेगळं काम होतं.

"पंखे?" ते म्हणाले. "मी जर्मनीत पाहिलं तेव्हा पंखे नव्हते."

"जर्मनीत नागपूरचं ऊन नव्हतं."

"लोक काय म्हणतील? एवढा खर्च करून शेवटी पंखेच लावले?"

"लोकांना सांगा, हे पंखे माणसांसाठी नाहीत, छतासाठी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. "छताला गरम होते का?"

"तसंच समजा."

"शनिवारी लावून दाखवा. नवीन मात्र घेऊ नका. इतवारी बाजारातल्या जुन्या गोदामात आमच्या बाबांच्या वेळचे पडले आहेत. चालते का बघा."

चालत होते. जड, लोखंडी, हिरवट रंगाचे पंखे. ते वर्षानुवर्षं मिरचीच्या गोदामात लोंबकळले होते. शुक्रवारी मी, कुंभलकर आणि टायपिंगवाले त्यांना मागच्या अंगणात घेऊन बसलो. पाती घासली, फडक्याने पुसली, परत घासली. कुमुदताई खिडकीतून बघत होत्या. "आतून पुसा," त्यांनी वरून सांगितलं. "आतून पुसलंय," कुंभलकर म्हणाले. त्यांनी पुसलं नव्हतं, हे नंतर कळलं.

शनिवारी नईमभाई इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी पत्र्यांच्या मधल्या फटींतून स्लॅबच्या हुकांना पंखे टांगले आणि मी सांगितलं तशा तारा उलट जोडल्या. "सगळी दुनिया पंखे सीधे फिरवते," ते म्हणाले, "तुम्ही उलटे फिरवून राहिल्या."

"वारा वर जायला हवा, नईमभाई."

"वर कोण बसलं आहे?"

दुपारी भय्यासाहेबांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले, हात मागे बांधून. सगळा हॉल आपापल्या जागेवर. मी सकाळीच गच्चीवरचं पाणी मुद्दाम कमी थंड ठेवलं होतं. नईमभाईंनी बटण दाबलं.

पाती कुरकुरली, हलली, वेग घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातून एक शिंक आली. कुमुदताईंची. नेटकी, त्यांच्यासारखीच. मग दुसरी. मग भिंतीला लागून बसलेल्या हिशेबाच्या दोघी. मग खिडक्यांकडची ओळ. शिंका भिंतींपासून सुरू होऊन आत आत येत होत्या, आणि शेवटी हॉलच्या मधोमध, बरोबर पंख्यांच्या खाली बसलेले कुंभलकर शिंकायला लागले, ते एकदा लागले ते थांबेचनात. पंख्यांच्या पोटात भय्यासाहेबांच्या बाबांच्या काळची मिरची दडून बसली होती आणि आज तिची सुटका झाली होती.

"बंद करा," भय्यासाहेब म्हणाले आणि शिंकले.

"नको," मी शिंकत म्हटलं. "थांबा. जरा थांबा."

कारण मला दिसत होतं. म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहत असल्यामुळे नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. हवा कुठल्या वाटेने जाते हे दाखवायला लोक धूर सोडतात, उपकरणं लावतात. इथे ते काम मिरचीने केलं होतं. वारा वर गेला, छताला घासत चहूकडे पसरला, भिंतींना आदळून खाली उतरला आणि मग मधल्या माणसांपर्यंत पोचला. छताचा गारवा घेऊन सगळ्यात आधी तो जिथे उतरत होता ती जागा म्हणजे कुमुदताईंचा कोपरा. मी सकाळी हॉलभर मीटर ठेवले होते, त्यांत आता कोपऱ्यातला मीटर सगळ्यात कमी आकडा दाखवत होता.

"भय्यासाहेब," मी म्हटलं, "तिथे जाऊन उभे राहा."

ते नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात गेले. मिरची एव्हाना खाली बसली होती. ते उभे राहिले, कॉलर सैल केली, मान थोडी वळवली.

"अरे," ते म्हणाले. एवढंच. पण तिथून हलले नाहीत.

थोड्या वेळाने ते वर गेले. मी वही न घेता, नुसती तोंडी विचारणा करत टेबलाटेबलावर फिरायला लागले. "आता कसं वाटतंय?"

शेजारची मुलगी म्हणाली, "ताईला विचारा."

टायपिंगवाले म्हणाले, "ताई काय म्हणतात?"

"तुम्हाला कसं वाटतंय ते विचारतेय मी."

ते कुंभलकरांकडे बघायला लागले. कुंभलकर उठले. "मॅडम, जरा बाहेर येता का?"

मागच्या जिन्याच्या पायरीवर ते उभे राहिले. शिंकून शिंकून त्यांच्या मिशा विस्कटल्या होत्या.

"आम्हाला नव्हतं होत गरम," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कोणालाच नव्हतं होत. मला तं थंडी वाजते तुमच्या छताखाली. त्यात कूलर. कान दुखायचे माझे."

"मग वर्षभर सगळे..."

"ताईला होते." त्यांनी जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवलं. "मागच्या उन्हाळ्यापासून. बसल्या बसल्या एकदम चेहरा लाल होते, घाम फुटते, बाई कासावीस होते. मग दोन मिनिटांत जाते. दिवसातून कितीदा. माझ्या घरीही तसंच होतं, म्हणून मला कळलं. बायकांचं असते ते. वयाचं." हे बोलताना ते जिन्याच्या खालच्या पायरीशी बोलत होते. "ताईंनी एकदा सांगितलं, गरम होते. देखभालवाले आले, मीटर दाखवला, म्हणे बाकी कोणाला होत नाही, तुम्हालाच कसं होते? सगळ्यांसमोर. ताई काही बोलल्या नाहीत. आम्ही पाहिलं तिचं तोंड. मग आम्ही म्हटलं, आम्हालाही होते."

"सगळ्यांनी?"

"एकाने म्हटलं तर काय उपयोग?"

मी पायरीवर बसले. वर्षभर एक आख्खा हॉल थंडीने काकडत गरम होतंय म्हणत राहिला होता. पाणी थंड करत गेलं, मशीन राबत गेलं, विजेचा आकडा वर गेला, मी पुण्याहून आले, आणि हे सगळं कशासाठी, तर एका बाईला कोणी परत विचारू नये म्हणून, की तुम्हालाच कसं होतं. मीही आल्या दिवशी तिच्या टेबलावर मीटर ठेवून दुसरं काय केलं होतं?

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कुंभलकर जे सांगत होते त्याचं नाव मला पुस्तकातून माहीत होतं. आता ते नुसतं पुस्तकातलं राहिलेलं नाही.

"ताईंना माहीत आहे का, तुम्ही हे त्यांच्यासाठी करता ते?"

"नाही नाही," ते घाईने म्हणाले. "आणि तुम्ही सांगूही नका. तिला फार वाईट वाटेल."

मी आत आले तेव्हा कुमुदताई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. चेहरा लाल झालेला, कपाळावर घामाचे थेंब. मला आता ते दिसलं. आधीही दिसलं असणार, पण मी मीटर पाहत होते. त्यांनी डोळे मिटले, वाऱ्याकडे मान केली. थोड्या वेळात चेहऱ्यावरचा लाल रंग ओसरला. त्यांनी डोळे उघडले.

"बरं आहे तुमचं हे," त्या म्हणाल्या. "फक्त वेग कमी-जास्त करायला मला नईमला हाका माराव्या लागतील."

"नाही लागणार," मी म्हटलं. "या बाजूच्या पंख्याचा रेग्युलेटर तुमच्या टेबलाशेजारी बसवते. भिंतीवर, तुमचा हात पोचेल तिथे."

त्या काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मी कशातलं किती ऐकून आले आहे, याचा अंदाज घेत असाव्यात. मग त्यांनी हॉलकडे नजर फिरवली. कुंभलकर टेबलाखाली काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होते, टायपिंगवाले कोऱ्या कागदावर टाइप करत होते.

"ही माणसं," त्या हळूच म्हणाल्या, "फार खोटं बोलतात हो मॅडम. आणि इतकं वाईट बोलतात की ऐकवत नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीमुळे असेल. हॉलमध्ये सगळ्यांच्याच होतं.

संध्याकाळी, उन्हं उतरायच्या सुमारास, भय्यासाहेब परत आले. तोवर देखभालवाल्यांनी त्यांना गच्चीवरचा आकडा सांगितला होता. पाणी कमी थंड, मशीन अधूनमधून विसावा घेतंय, छत ठणठणीत कोरडं. एसीवाल्याला त्यांनी फोनवर नको म्हणून सांगितलं, माझ्यासमोरच. मग ते हॉलमधून फिरत कोपऱ्यापर्यंत आले. नईमभाई स्टुलावर उभे राहून रेग्युलेटर बसवत होते.

"हे बटण इथे काऊन?" भय्यासाहेबांनी विचारलं. "बाकी सगळी दाराजवळ आहेत ना?"

मी उत्तर जुळवत होते तोच कुंभलकर म्हणाले, "वारा इथेच आधी उतरतो साहेब. मापायची जागा हीच आहे."

"हो साहेब," टायपिंगवाले म्हणाले. "इथूनच कळते."

"शास्त्र आहे ते," शेजारची मुलगी म्हणाली.

सगळा हॉल गंभीरपणे माना डोलावत होता. कुमुदताई हिशेबाच्या कागदात डोकं घालून होत्या. मीही मान डोलावली.

भय्यासाहेबांनी एकेकाकडे पाहिलं. मग रेग्युलेटरकडे, मग कुमुदताईंच्या कपाळाकडे, जिथे अजून ओल होती. ते एवढ्या मोठ्या धंद्याचे मालक होते, पण त्या क्षणी वर्गाबाहेर उभं केलेल्या शाळेतल्या पोरासारखे दिसत होते. त्यांनी घसा साफ केला.

"राहू द्या इथेच," ते म्हणाले.

जायला वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे न बघता, जणू भिंतीला विचारतात तसं त्यांनी विचारलं,

"नईम, गोदामात असा एखादा पंखा शिल्लक आहे का?"

"आहे ना साहेब. कुठे लावायचा?"

"घरी. स्वयंपाकघरात." ते अजून भिंतीकडेच बघत होते. "आमची ही सहा महिने झाले म्हणून राहिली, गरम होते, गरम होते. मी तिला थर्मामीटर दाखवत होतो."

कुमुदताईंनी मान वर केली.

"भय्या," त्या म्हणाल्या, "आधी आतून पुसून घे."